जुन्या कार्टूनच्या नव्या आवृत्त्या: मूळ मालिकेचा मान नेमका कशात असतो?

गोदाकाठ (नांदेड)

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर २०१७ साली नव्याने सुरू झालेली 'डकटेल्स' ही मालिका पहिल्या भागापासून पाहायला घेतली आणि पहिल्या दहा मिनिटांतच आमचा वाद झाला. मालिकेचा नायक असलेल्या अंकल स्क्रूज या श्रीमंत बदकाने लाल कोट घातला होता. माझ्या आठवणीतला स्क्रूज निळ्या कोटातला आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत रविवारी दूरदर्शनवर ही मालिका हिंदीतून लागत असे आणि गंगाखेडजवळच्या गावी मामांच्या वसरीवर आम्ही दहा-बारा लेकरे मुरमुऱ्यांचा सुशीला खात ती पाहत असू. मी मुलीला ठामपणे सांगितले की या नव्या मंडळींना जुन्याचा मान राखता आलेला नाही, कारण साधा कोटाचा रंगसुद्धा त्यांनी धड ठेवलेला नाही.

नंतर शोधाशोध केली तेव्हा चूक माझीच निघाली. कार्ल बार्क्स या चित्रकाराने स्क्रूज हे पात्र १९४७ साली कॉमिकसाठी निर्माण केले आणि कॉमिकमध्ये त्याचा कोट बहुधा लाल रंगवला जात असे. १९८७ साली दूरचित्रवाणीसाठी मालिका तयार झाली, तेव्हा तो निळा झाला. म्हणजे मी ज्याला मूळ समजत होतो ते स्वतःच एक रूपांतर होते आणि २०१७च्या मंडळींनी वडिलांना ओलांडून थेट आजोबांच्या पायांवर डोके ठेवले होते. हे कळल्यावर मालिका मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पार्श्वचित्रांत जुन्या छपाईत दिसत तसे रंगाचे बारीक ठिपके आहेत, सुरुवातीला पात्रे कॉमिकच्या चौकटींतून धावत सुटतात आणि त्या वेळी वाजणारे गाणे मात्र १९८७चेच आहे, फक्त ते नव्या गळ्यातून आले आहे.

डोनाल्ड डकच्या तीन भाच्यांच्या बाबतीत तर बदल फार मोठा आहे. जुन्या मालिकेत कपड्यांच्या रंगाखेरीज त्या तिघांना वेगळे ओळखण्याचा मार्ग नव्हता आणि इंग्रजीत तिघांनाही रूसी टेलर या एकाच कलावतीचा आवाज होता. नव्या मालिकेत तिघांचे आवाजही वेगळे आणि स्वभावही वेगळे आहेत: ह्युई नियमांच्या पुस्तकाला धरून चालणारा, ड्युई सगळ्यांनी आपल्याकडे पाहावे म्हणून धाडस करणारा आणि लुई कष्ट टाळून फायदा कुठे आहे ते बरोबर हेरणारा. डोनाल्ड डक जुन्या मालिकेत अधूनमधून पाहुण्यासारखा येई, तो येथे घरचा माणूस आहे. इतके बदल करूनही मला ती मालिका परकी वाटली नाही. उलट काही मालिका जुन्याची हुबेहूब नक्कल करूनही परक्या वाटतात. तेव्हा जुन्या कार्टूनच्या नव्या आवृत्तीने मूळ आवृत्तीचा मान राखला असे आपण नेमके कशावरून म्हणतो, याविषयी सर्वांनी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत.

मोसंबीबाग (जालना)

दादा, विषय चांगला काढलात. मला मान दिसला तो वेबीमध्ये. जुन्या मालिकेत ती बाहुली कवटाळून मुलांच्या मागे फिरणारी लहान मुलगी होती आणि आम्ही बहिणी खेळताना वेबी व्हायला कोणी तयार होत नसू, कारण वेबीला कामच काय ते नसे. नव्या मालिकेत तीच मुलगी दोर टाकून भिंती चढते आणि स्क्रूजच्या घराण्याचा सगळा इतिहास तिला तोंडपाठ असतो. आमच्या पिढीच्या मुलींनी जी तक्रार मनातल्या मनात केली होती, ती कोणीतरी ऐकली असे वाटले. तिसऱ्या पर्वात 'टेलस्पिन' या दुसऱ्या जुन्या कार्टूनमधला किट हा मुलगा मोठा होऊन भेटतो, तेव्हा तर मी मुलांना थांबवून तो कोण हे समजावून सांगितले आणि त्यांनी तितक्याच कंटाळ्याने ते ऐकून घेतले.

एक प्रश्न मात्र विचारते, राग मानू नये. त्या काळात खेड्यात मामांकडे रंगीत टीव्ही होता का?

उदगीरकर (लातूर जिल्हा)

हा 'मान' शब्द मला मुळात पटत नाही. हीमॅनचे उदाहरण घ्या. मॅटेल कंपनीने १९८२ साली त्याची खेळणी बाजारात आणली आणि १९८३ साली मालिका आली. म्हणजे आपण दूरदर्शनवर जो हीमॅन भक्तिभावाने पाहत होतो, तो खेळण्यांच्या दुकानाकडे जाणारा रस्ता होता. फक्त आपल्याकडे ते दुकान नव्हते, म्हणून आपण त्याला निखळ गोष्ट समजलो. जी वस्तू विक्रीसाठीच जन्माला आली, तिची नवी आवृत्ती पुन्हा विक्रीसाठी काढली तर त्यात मान-अपमानाचा संबंध कुठे येतो? कंपनीकडे जुन्या पात्रांचे हक्क पडून असतात, नवे पात्र लोकांच्या गळी उतरवायला वेळ आणि पैसा लागतो आणि चाळिशीतला बाप जुने नाव पाहून मुलाला आपणहून पडद्यासमोर बसवतो. वर गोदाकाठ यांनी जे लिहिले तोच त्याचा पुरावा आहे.

गोदाकाठ (नांदेड)

मोसंबीबागताई, आपण बरोबर नाडी धरलीत. मामांकडे कृष्णधवल संच होता. मी काल धाकट्या मामांना दूरध्वनी करून खात्री करून घेतली. रंगीत संच त्यांनी त्यानंतर पुष्कळ वर्षांनी घेतला. निळा कोट मी पाहिला असणार तो वहीवर चिकटवलेल्या एखाद्या स्टिकरवर किंवा कुठल्याशा डब्यावर, आणि पुढे माझ्याही नकळत तो रविवारच्या आठवणीत शिरला.

याचा अर्थ असा की मूळ मालिकेतले जे माझ्याजवळ खरोखर आहे, ते चित्र नव्हे तर आवाज आहे. वारा सुटला की माळवदावरचा अँटेना फिरे, पडद्यावर मुंग्या दिसू लागत आणि कोणीतरी वर चढून 'आलं का?' असे ओरडेपर्यंत आम्ही नुसता आवाज ऐकत बसत असू. त्या मधल्या वेळात काय घडत होते हे आम्ही आवाजावरून ओळखत होतो. आता मला या प्रश्नाचा सगळाच विचार नव्याने करावा लागेल.

उदगीरकर, आपल्याला उत्तर देतो, पण सवडीने.

वेरूळची वाट (छत्रपती संभाजीनगर)

मी गेली बरीच वर्षे ॲनिमेशन शिकवतो, त्यामुळे उदगीरकरांच्या मुद्द्यावर कारागिराच्या बाजूने लिहितो. हीमॅन विक्रीसाठी काढला गेला हे खरे आहे, परंतु तो काढणाऱ्यांनी फक्त विक्रीच केली असे म्हणता येणार नाही. फिल्मेशन या स्टुडिओला १३० भाग तयार करायचे होते आणि इतर स्टुडिओ परदेशातून काम करून घेत असताना फिल्मेशनने ते अमेरिकेतच करून घेतले. खर्च भागवण्यासाठी त्यांनी ठरावीक हालचाली एकदाच उत्तम रेखाटून ठेवल्या आणि त्या पुन्हा पुन्हा वापरल्या. हीमॅन समोरून धावत येतो, वळतो, ठोसा मारतो, ही दृश्ये आपण इतक्या वेळा पाहिली आहेत की ती आपल्याला त्याची लकब वाटतात. वास्तविक ती काटकसर होती. पुढे मोठे नाव मिळवलेले पॉल डिनी आणि जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांच्यासारखे लेखक त्या काळात याच मालिकेसाठी लिहीत होते.

आता नवी आवृत्ती काढणाऱ्यापुढे खरा पेच हा असतो की जुन्याची गरिबीसुद्धा जपायची का. २०२४ सालच्या 'एक्समेन ९७'ने याचे उत्तर मला आवडेल असे दिले. ही मालिका १९९२ ते १९९७ या काळातल्या मालिकेची पुढची पाने आहे आणि तिने जुने चेहरे, ठळक सावल्या, काहीसे ताठ उभे राहणारे देह हे सगळे तसेच ठेवले. मारामारी सुरू झाली की मात्र जुन्या काळी परवडली नसती इतकी सफाई दिसते. जुनी मालिका पुन्हा पाहिली की ती आठवणीपेक्षा बरीच खडबडीत असल्याचे कळते. नव्या मालिकेने ती जशी होती तशी नव्हे, तर आपल्याला आठवते तशी काढली आहे.

याच्या उलट टोकाला 'टॉम अँड जेरी' आहे, कारण तिथे मूळ गोष्टच श्रीमंत होती. हॅना आणि बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ या काळात ११४ लघुपट केले आणि त्यांपैकी ७ लघुपटांना ऑस्कर मिळाले. सात मिनिटांच्या लघुपटाचा हिशेब विद्यार्थ्यांना मी फळ्यावर मांडून दाखवतो: सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १०,०८० चौकटी होतात आणि एक रेखाटन दोन चौकटी टिकवले तरी पाच हजारांहून अधिक रेखाटने लागतात. शिवाय स्कॉट ब्रॅडली यांचे वाद्यवृंदाचे संगीत मांजराच्या पावलागणिक बेतलेले असे. १९६१ ते १९६२ या काळात जीन डाइच यांनी प्राग शहरात अत्यंत तुटपुंज्या साधनांत १३ लघुपट केले; त्यांत मांजर आहे, उंदीर आहे, पाठलागही आहे, परंतु ठेका हरवलेला आहे. १९७५ साली दूरचित्रवाणीवर हिंसा नको म्हणून दोघांना चक्क मित्र केले आणि जेरीच्या गळ्यात लाल बो बांधला. माझ्या मते त्या मालिकेइतका सभ्य अपमान दुसऱ्या कुठल्या कार्टूनचा झालेला नाही. सांगायचे इतकेच की टॉम आणि जेरीचे मूळ त्यांच्या चेहऱ्यात नसून दोन क्षणांच्या मधल्या थांब्यात आहे. टॉमला संकट दिसते, तो प्रेक्षकाकडे पाहतो आणि मग पडतो. ते पाहणे चार चौकटींनी चुकले की विनोद गेला.

म्हणूनच मिकी माऊसच्या २०१३ पासून आलेल्या, पॉल रुडिश यांच्या लघुपटांना मी मानतो. १९३०च्या आसपास मिकीचे हातपाय रबरासारखे लवचीक होते आणि स्वभाव बराच खट्याळ होता. पुढे तो कंपनीचे बोधचिन्ह झाला आणि त्याची खोडी गेली. रुडिश यांनी ती खोडी परत आणली. एका लघुपटात तर मिकी मुंबईत ऑटोरिक्षा चालवतो आणि रिक्षात हत्ती बसलेला असतो.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र आपल्याच जिल्ह्यातली सांगतो. अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२०च्या दशकात इटलीहून तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि चित्रांचे मूळ रंगच त्याखाली झाकोळले. जुन्या कार्टूनची 'स्वच्छ' केलेली आवृत्ती पाहताना मला हे नेहमी आठवते, कारण धूळ काढणारी संगणकीय प्रणाली कधीकधी शाईची वेगवान रेषसुद्धा धूळ समजून पुसून टाकते आणि पळणाऱ्या टॉमच्या पायाची कड मध्येच विरलेली दिसते.

बालाघाट (बीड)

माझा जन्म २००० सालचा आहे, त्यामुळे येथील बहुतेकांचे 'नवे' ते माझे 'जुने' आहे. आमच्या गल्लीत केबल होती आणि भारनियमनामुळे दिवसाचे कित्येक तास वीज नसे. त्यामुळे 'पॉवरपफ गर्ल्स'चा भाग शेवटपर्यंत पाहायला मिळणे ही त्या दिवसाची कमाई असे. २०१६ साली ती मालिका नव्याने आली तेव्हा मी मोठ्या उत्सुकतेने पाहिली आणि तीन भागांत सोडून दिली. तिन्ही बहिणींचे मूळ आवाज देणाऱ्या कॅथी कॅव्हडिनी, टारा स्ट्राँग आणि ई. जी. डेली या तिघींपैकी एकीलाही घेतलेले नव्हते, निर्माते क्रेग मॅक्क्रॅकन हेही त्यात नव्हते. चित्रे जवळजवळ तीच होती, शहर तेच होते आणि तरी घर तेच ठेवून माणसे बदलल्यासारखे वाटत होते. जुन्या मालिकेतला विनोद मोठ्यांनाही कळेल असा असे. नवी मालिका त्या वर्षीच्या इंटरनेटवरच्या थट्टेमागे धावत होती आणि ती थट्टा पुढच्याच वर्षी शिळी झाली.

'डोरेमॉन'च्या बाबतीत मात्र कोडे आहे. जपानमध्ये १९७९ पासून नोबुयो ओयामा यांचा आवाज होता आणि २००५ साली वासाबी मिझुता यांनी तो घेतला. नोबिता, शिझुका यांचेही आवाज बदलले. तिथल्या लोकांसाठी तो केवढा मोठा बदल असेल! आम्ही मात्र हिंदीत पाहत होतो, त्यामुळे चित्राच्या रेषा बदलल्या इतकेच आम्हाला जाणवले.

अंबानगरी (अंबाजोगाई)

मी वयाने येथील सर्वांपेक्षा मोठा आहे आणि कार्टून मी नातवंडांच्या निमित्ताने जितके पाहिले तितकेच. तरीही चर्चा वाचून लिहावेसे वाटले. आमच्याकडे कीर्तनाला येणाऱ्या प्रत्येकाला आख्यान आधीच ठाऊक असते. सुदाम्याचे पोहे शेवटी कृष्ण खातो हे ऐकायला कोणी येत नाही; बुवा ते कसे सांगतात हे ऐकायला लोक येतात. गेल्या वर्षी एका बुवांनी सुदाम्याला एसटीने द्वारकेला पाठवले आणि मंडप हसून लोळला. परंतु त्याच बुवांनी पोह्यांच्या जागी दुसरा पदार्थ घातला असता तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून गेल्या असत्या.

दुसरे असे की पैठणच्या नाथांनी दोन वेगवेगळी कामे केली. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, म्हणजे कालौघात शिरलेले अपपाठ काढले, आणि यापुढे जो कोणी त्यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे, अशी ताकीद दिली. त्याच नाथांनी रामकथा मात्र स्वतःच्या प्रतिभेने, आपल्या काळच्या लोकांसाठी पुन्हा नव्याने सांगितली. दोन्ही कामे आदराचीच होती. नाथांनी त्या दोहोंची गल्लत होऊ दिली नाही.

वेरूळची वाट (छत्रपती संभाजीनगर)

काका, आपण मला एक जुना गुंता सोडवून दिलात. २०१८ सालच्या 'शी-रा'ने १९८५च्या शी-राचा पोशाख बदलला, अंगलट बदलली, कॅट्रा या वैरिणीला बालमैत्रीण करून तिच्याभोवती ५२ भागांची कथा विणली. सुरुवातीला पोशाखावरून आरडाओरडा झाला, पण मालिकेने आपण रामकथा नव्याने सांगत आहोत हे पहिल्यापासून लपवले नव्हते, म्हणून लोक तिच्यात रमले. २०२१च्या 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हलेशन'ने मात्र १९८३च्या हीमॅनची गोष्ट पुढे नेत असल्याचे सांगितले आणि पहिल्याच भागात हीमॅनला मारून त्याची साथीदार टीला हिला नायिका केले. टीला नायिका होण्याला माझी काडीची हरकत नाही. परंतु पाठशुद्धीची पाटी लावून आत नव्या ओव्या ठेवल्या, म्हणून लोक चिडले, आणि त्याच मालिकेतले कितीतरी जुने, प्रेमाने जपलेले तपशील त्या रागात कोणी पाहिलेच नाहीत.

उदगीरकर (लातूर जिल्हा)

मी माझ्या मतावर कायम आहे आणि त्यासाठी २०२३ सालच्या 'वेल्मा' या मालिकेचा दाखला देतो. स्कूबी-डूच्या जगातली पात्रे घेतली आणि त्यातून स्कूबी हा कुत्राच वगळला. नाव जुने, त्यावर हेटाळणी नवी. हक्क हातात असले की असे करता येते, कारण मूळ पात्रांना वकीलपत्र देता येत नाही.

परंतु कारागिरांविषयी जे लिहिले गेले ते मी मान्य करतो. त्याच स्कूबी-डूमध्ये फ्रँक वेल्कर १९६९ पासून फ्रेडचा आवाज देत आले आहेत आणि २००२ पासून स्कूबीचाही. कंपनी बदलते, चित्रशैली बदलते, एक माणूस मात्र तिथेच उभा आहे, हे मला हक्कांच्या सगळ्या गणितापेक्षा मोठे वाटते.

गोदाकाठ (नांदेड)

उदगीरकरांनी वेल्कर यांचे नाव काढले, तिथूनच पुढे जातो. कृष्णधवल संचाची आठवण झाल्यापासून मी आवाजांच्याच मागे लागलो आहे.

आपल्याकडे लग्नात मानाचे आहेर ठरलेले असतात. घरचा कारभार पुढच्या पिढीकडे गेला तरी थोरल्या काकांना बोलावून पाट दिला जातो, आणि तो दिला नाही तर पुढची दहा वर्षे त्याची चर्चा होते. नव्या कार्टूनमध्ये ही रीत मला अक्षरशः दिसली. १९६९ साली स्कूबीचा मित्र शॅगी याला आवाज देणारे केसी केसम यांना २०१० च्या 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड'मध्ये शॅगीच्या वडिलांचा आवाज दिला गेला. १९८५ च्या 'थंडरकॅट्स'मध्ये नायक लायन-ओचा आवाज देणारे लॅरी केनी २०११ च्या मालिकेत लायन-ओचे वडील राजा क्लॉडस झाले. वर ज्या 'रेव्हलेशन'वर टीका झाली, तिच्यातही जुन्या मालिकेतल्या स्केलेटर या खलनायकाचा आवाज असलेले ॲलन ओपनहायमर यांना मॉस मॅनची भूमिका देण्यात आली. रूसी टेलर यांनी ज्या मालिकेत तिन्ही भाच्यांना आवाज दिला होता, त्याच मालिकेच्या नव्या आवृत्तीत त्या नाताळच्या एका भागात बालपणीच्या डोनाल्डचा आवाज बनून आल्या आणि पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

सर्वांत धाडसी उदाहरणही 'डकटेल्स'मध्येच आहे. १९९१ सालच्या 'डार्कविंग डक'मध्ये नायकाचा आवाज जिम कमिंग्ज यांचा होता. नव्या 'डकटेल्स'मध्ये डार्कविंग डक ही पूर्वी गाजलेली एक मालिका आहे आणि तिचा नायक जिम स्टार्लिंग हा आता म्हातारा, विसरला गेलेला नट आहे. त्याच्या मालिकेवर चित्रपट निघतो, मुख्य भूमिका एका तरुणाला मिळते आणि तो तरुण स्टार्लिंगचाच निस्सीम चाहता असतो. स्टार्लिंगला आवाज आहे तो कमिंग्ज यांचाच. आपली जागा गेल्याचे दुःख त्याला इतके खाते की शेवटी तो खलनायक होतो. नवी आवृत्ती काढणाऱ्यांनी स्वतःवरच्या आरोपाचीच गोष्ट केली आणि ती ज्याची जागा गेली त्याच्याच तोंडून वदवली. हा भाग मी दोनदा पाहिला.

पण दोनदा का पाहिला ते सांगितले पाहिजे. पहिल्या वेळी मुलीसोबत हिंदीतून पाहिला आणि मला त्यात विशेष काही आढळले नाही, कारण हिंदीत स्टार्लिंगचा आवाज कोणा वेगळ्याच कलावंताचा आहे. दुसऱ्या वेळी इंग्रजीतून पाहिला तेव्हा सगळे कळले. म्हणजे हे सगळे पाट, हे सगळे आहेर अमेरिकेतल्या घरच्या माणसांसाठी आहेत. आमच्या वसरीवर जो स्क्रूज बोलत होता त्याचा आवाज इंग्रजी मालिकेतल्या ॲलन यंग यांचा नव्हता; तो मुंबई-दिल्लीकडच्या कोणा हिंदी कलावंताचा होता, त्याचे नाव आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मराठवाड्यात घरोघरी हिंदी कळत असल्यामुळे तो परका आहे असेही कधी वाटले नाही. आमची मूळ आवृत्ती तीच होती. तिला कोणी पाट मांडलेला मी पाहिला नाही.

मोसंबीबाग (जालना)

दादा, एकदा मांडला गेला आहे. 'जंगल बुक'ची मोगलीची मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली आणि १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीतून आली. तिचे जे शीर्षकगीत अजून सगळ्यांना पाठ आहे ते जपानी मालिकेत नव्हतेच. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांनी ते आपल्यासाठी केले होते. शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. २०१६ साली डिस्नेचा चित्रपट आला, त्याचा त्या जपानी मालिकेशी काही संबंध नव्हता. तरीही हिंदी आवृत्तीत शेरखानाला पुन्हा नाना पाटेकरांनाच घेतले आणि प्रसिद्धीसाठी तेच गीत पुन्हा करून घेतले. मुलांना घेऊन आम्ही तो चित्रपट पाहायला गेलो होतो. आमचे हे चित्रपटगृहाच्या थंडाव्यात नेहमीप्रमाणे डुलकी घेत होते. शेरखान पहिले वाक्य बोलला तसे ते ताडकन सरळ बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाना!" शेजारच्या रांगेतही दोन-तीन बाप माणसे हसत होती आणि मुलांना त्याचे कारण कळत नव्हते.

उलट उदाहरणही आहे. युगो साको आणि राम मोहन यांचा रामायणावरचा जपानी-भारतीय ॲनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. चित्र सुरेख उजळलेले होते, पण हिंदी आवाज नव्याने घातलेले होते. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल आणि रावणाला अमरीश पुरी यांचे आवाज होते. चित्रांची पाठशुद्धी केली आणि ओव्या बदलल्या, असे अंबानगरीकाकांच्या भाषेत म्हणावे लागेल.

हे लिहिता लिहिता आठवले. माझ्या भावाने १९९४-९५ च्या सुमारास मोगलीचे आणि 'डकटेल्स'चे काही भाग दूरदर्शनवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतले होते. माहेरी माळ्यावरच्या लोखंडी पेटीत तीन कॅसेट अजून आहेत. मध्ये निरम्याच्या आणि बातम्यांच्या जाहिरातीसुद्धा आहेत. एका कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरट भुकटी दिसते. ती चालेल का?

वेरूळची वाट (छत्रपती संभाजीनगर)

ताई, ती कॅसेट कृपया कुठल्याही यंत्रात घालू नका. पांढरी भुकटी म्हणजे बहुधा बुरशी आहे. तशीच चालवली तर फीत तुटू शकते, यंत्राचे डोके खराब होते आणि पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. तिन्ही कॅसेट वेगवेगळ्या कागदी पाकिटांत, उभ्या, कोरड्या जागी ठेवा. उन्हात ठेवू नका. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचा प्लास्टिकचा छोटा कान मोडलेला आहे का ते पाहा, नसेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही उतरवले जाणार नाही. बुरशी नसलेल्या दोन आधी उतरवू आणि तिसरीची फीत बाहेर काढून हाताने स्वच्छ करावी लागेल.

बालाघाट (बीड)

आमच्या चुलत्यांचा पूर्वी लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय होता. त्यांच्याकडे व्हीसीआर आहे आणि तो चालतो, मी परवाच लावून पाहिला होता. दिवाळीत मी संभाजीनगरला येणार आहे, तेव्हा घेऊन येतो.

मोसंबीबाग (जालना)

दिवाळीला माहेरी जाणारच आहे, तेव्हा कॅसेट आणते. भावाला विचारले तर तो म्हणाला की 'डकटेल्स'च्या एका भागात मध्येच वीज गेली होती, त्यामुळे तो अर्धाच आहे.

गोदाकाठ (नांदेड)

अर्धा असला तरी चालेल. नांदेडहून मीही येतो आणि मुलीलाही आणतो.